माळकरी ताईंचं लिव्हर

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गटातल्या एक ताई, वय बावन्न, गळ्यात तुळशीची माळ. पोटात दुखतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफीला गेल्या. पित्ताशयात खडा निघाला आणि त्याखाली आणखी एक ओळ निघाली: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "दारू घेता का?" ताई नाही म्हणाल्या. "अधूनमधून? सणासुदीला?" सोबत जाऊबाई होत्या, सून होती. ताई परत नाही म्हणाल्या. डॉक्टर नुसते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते ताईंना वाचता आलं नाही, पण दारूच लिहिली असणार असं त्यांनी मनाशी धरलं. त्या परत दवाखान्यात गेल्याच नाहीत. महिन्याच्या बैठकीलाही आल्या नाहीत, हप्ता नातवाच्या हाती पाठवून दिला.

हे सगळं आम्ही त्यांना विचारूनच सांगतो आहोत. त्या म्हणाल्या, नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा.

तेव्हा आम्ही रेडिओवरच्या चौघीजणींनी ठरवलं, या आजाराची कुळी शोधायची. न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्येही चरबी साठते, हे डॉक्टर लोकांना कळलं तरी कधी? आणि हल्ली म्हणतात की रक्तातल्या जनुकांवरून, कमरेच्या मापावरून, साखरेवरून हा आजार कुणाला होणार ते आधी ओळखता येतं. ते कितपत खरं?

आधी लिव्हरची ओळख. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली बसलेला, सव्वा ते दीड किलोचा हा अवयव. आपण "काळीज" म्हणतो तेव्हा मनात हृदय असतं, पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की लिव्हर मिळतं. चांगली कलेजी तांबूस काळपट, घट्ट असते. चरबी भरलेलं लिव्हर फिकट, पिवळट आणि तेलकट दिसतं. लिव्हरमध्ये थोडी चरबी असतेच. ती पाच टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण काहींच्या लिव्हरला सूज येते, सुजेतून व्रण पडतात, आणि वर्षानुवर्षं व्रणावर व्रण साठून लिव्हर दगडासारखं होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. सगळा घोर आहे तो या वाटेचा.

लिव्हरमध्ये चरबी कशी भरायची हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे, असं सांगितलं तर खोटं वाटेल. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या चार हजार वर्षांहून जुन्या थडग्यांच्या भिंतींवर चित्रं कोरलेली आहेत. त्यात माणसं गूज नावाच्या, बदकासारख्या मोठ्या पक्ष्यांना धरून त्यांच्या घशात बळेच चारा कोंबताना दिसतात. पुढे रोमन लोकांनी तोच उद्योग अंजीर चारून केला. खाऊन खाऊन त्या पक्ष्यांचं लिव्हर फुगायचं, चरबीनं भरायचं, आणि श्रीमंतांच्या ताटात जायचं. अंजीर चारलेल्या लिव्हरला लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्यातला अंजीरच शिल्लक राहिला. आजही इटालियन, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत लिव्हरला जे म्हणतात, ते मुळात अंजिरावरून आलेलं आहे. आमच्यातली एक पुरंदरच्या अंजिराच्या बागेतली माहेरवाशीण आहे. ती म्हणाली, म्हणजे लिव्हरला आमच्या बागेचं नाव की.

आता बघा, त्या पक्ष्यांना कुणी दारू पाजत नव्हतं. गोड खाणं, गरजेपेक्षा जास्त खाणं आणि हालचाल बंद, एवढ्यावर लिव्हर चरबीनं भरत होतं. हजारो वर्षं हे स्वयंपाक्यांना माहीत होतं. डॉक्टरांपर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला.

१८३६ साली लंडनच्या गाय हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी चरबीनं भरलेल्या लिव्हरविषयी लिहिलं, आणि ते दारूच्या संबंधानं लिहिलं. ती गोष्ट खरीच होती, दारूनं लिव्हर खराब होतंच. पण त्यानंतर लिव्हरमधली चरबी आणि दारू यांची अशी गाठ बसली की ती सोडवायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. मधल्या काळात काही डॉक्टरांना मधुमेहाच्या आणि अंगानं जाड असलेल्या रुग्णांमध्येही हेच दिसत होतं. १९५२ साली अमेरिकेत सॅम्युअल झेलमन यांनी लठ्ठ माणसांच्या लिव्हरवर निबंधही लिहिला. पण दवाखान्यातली रीत बदलली नाही. लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, चरबी आणि सूज दिसली, की माणूस पिणारा. नाही म्हणाला तर खोटं बोलणारा. बाई असेल तर चोरून पिणारी.

हे बदललं १९८० साली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथे मेयो क्लिनिक हे मोठं हॉस्पिटल. तिथले युर्गन लुडविग हे लिव्हरचे तुकडे तपासणारे डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस रुग्णांची हकीकत छापली. यांच्या लिव्हरमध्ये दारुड्याच्या लिव्हरसारखंच सगळं दिसत होतं, आणि ही माणसं पिणारी नव्हती. बहुतेकजण अंगानं जाड होते. बऱ्याचजणांना मधुमेह किंवा पित्ताशयाचे खडे होते. वाचता वाचता आम्ही इथे थांबलो. खडे! आमच्या ताईंच्या कागदावर पहिली ओळ तीच होती. लुडविग यांनी लिहिलं की या आजाराला आजवर नावच नव्हतं, आणि त्यांनी त्याला नाव दिलं. त्या नावाचा मराठीत अर्थ होतो, दारूशिवायची चरबीची लिव्हर-सूज.

नाव मिळालं म्हणजे काय मिळालं? डॉक्टरला "नाही" हे उत्तर खरं मानायची जागा मिळाली. तोवर ती नव्हती.

एक मात्र आम्हाला मोकळेपणानं म्हणायचं आहे. डॉक्टरांनी दारूचं विचारू नये असं आमचं म्हणणं नाही. विचारलंच पाहिजे, कारण पिणाऱ्याचा इलाज निराळा, आणि ज्या घरात खरंच बाटली आहे तिथे खोटं बोलून जीव जातो. विचारणं आणि विश्वास न ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जनुकांकडे येऊ. अमेरिकेतलंच टेक्सास राज्य, डॅलस शहर. २००० सालानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या हजारो सर्वसाधारण माणसांची तपासणी केली, आणि दोन हजारांहून जास्त लोकांच्या लिव्हरमधली चरबी एका खास मशीननं मोजली. सुई नाही, टोचणं नाही. निकाल २००४ साली छापला गेला. जवळजवळ दर तिसऱ्या माणसाच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी होती. पण सगळ्यांत सारखी नव्हती. मेक्सिकोकडच्या मूळच्या लोकांत १०० मध्ये ४५ जणांना, गोऱ्यांत ३३ जणांना, काळ्या लोकांत २४ जणांना. काळ्या लोकांत तर मधुमेह आणि जाडी कमी नव्हती, तरी लिव्हर बरं. म्हणजे नुसत्या खाण्यापिण्यावर हे सगळं ठरत नाही, रक्तातलंही काही आहे.

ते काय, हे हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या चमूनं शोधलं. स्टेफानो रोमियो हे त्या निबंधाचे पहिले लेखक. त्यांनी माणसामाणसांतले नऊ हजारांहून जास्त जनुकीय फरक चाळले, आणि २००८ साली एकावर बोट ठेवलं. जनुकाचं नाव पीएनपीएलए-थ्री. जनुक म्हणजे पाककृतीची चिठ्ठी समजा. प्रत्येक चिठ्ठीच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. या चिठ्ठीत १४८ व्या जागी एक जिन्नस बदललेला. एवढ्या एका बदलानं काय होतं, तर लिव्हरच्या पेशीतल्या चरबीच्या थेंबावर एक प्रथिन नुसतं साचून राहतं आणि चरबी बाहेर काढणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची वाट अडवतं. मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकली की पाणी कसं तुंबतं, तसं. ज्यांच्या दोन्ही प्रती बदललेल्या, त्यांच्या लिव्हरमध्ये दुपटीहून जास्त चरबी होती. मेक्सिकोकडच्या मूळच्या लोकांत ही बदललेली प्रत सगळ्यांत जास्त, काळ्या लोकांत सगळ्यांत कमी. ४५, ३३, २४ या आकड्यांचा बराचसा उलगडा झाला. भारतातही ही प्रत आढळते. आणि हीच प्रत असलेला माणूस दारू पीत असेल तर त्याच्या लिव्हरचा धोका आणखी वाढतो.

मग सगळ्यांना वाटलं, आता काय, रक्त तपासा आणि भविष्य सांगा. इथे आपल्या लोकांची एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी भारतीय वंशाच्या ९५ निरोगी, सडपातळ पुरुषांची तपासणी केली. एपीओसी-थ्री नावाच्या दुसऱ्या एका जनुकात बदल असलेल्यांपैकी शंभरात ३८ जणांना फॅटी लिव्हर, आणि बदल नसलेल्यांत एकालाही नाही. केवढी बातमी झाली! भारतीयांच्या लिव्हरचं कोडं सुटलं असं वाटलं. पण पुढच्याच वर्षी डॅलसच्या मोठ्या गटात तपासलं, तर तो संबंध दिसेना. ९५ माणसांवरून बांधलेलं भविष्य हजारोंपुढे टिकलं नाही. आम्हाला ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावीशी वाटते, कारण उद्या कुणी "तुमची जनुकं तपासून देतो" म्हणत रंगीत कागद घेऊन दारात आलं, तर पहिला प्रश्न विचारता येईल: किती माणसांवर तपासलंत, आणि त्यात आमच्यासारख्या किती?

नंतर आणखी जनुकं सापडली. २०१४ साली एक असं सापडलं, की ते लिव्हरमध्ये चरबी अडकवतं आणि रक्तातली चरबी मात्र कमी ठेवतं. २०१८ साली एक उलटं सापडलं, ते लिव्हरला राखणारं. अशा जनुकांचे गुण एकत्र जोडून धोक्याचा आकडा काढतात. पण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते २०१७ सालचं काम, हॉब्स आणि कोहेन यांच्याच चमूचं, डॅलसच्या आणि डेन्मार्कच्या लोकांवरचं. सडपातळ माणसात पीएनपीएलए-थ्रीचा वाईट परिणाम थोडा दिसतो. वजन वाढत गेलं की तोच परिणाम कैक पटींनी वाढतो. म्हणजे जनुक हे बी, आणि पोटाचा घेर हा पाऊस.

म्हणूनच लिव्हरच्या तज्ज्ञांच्या संस्था आजही सरसकट सगळ्यांची जनुकं तपासा असं सांगत नाहीत. वय, साखर, कंबर आणि रक्ताचे साधे रिपोर्ट हाताशी असले, तर जनुकं त्यात थोडीच भर घालतात.

हा भाग रेडिओवर सांगितला त्या दिवशी एका मावशींचा फोन आला. "मग मुलगी देण्याआधी त्या घरचं रक्त तपासावं का?" आम्ही हसलो, पण नंतर गप्प झालो. कारण आपल्याकडे हा प्रश्न उलटा यायला वेळ लागणार नाही: सून आणण्याआधी तिचं रक्त तपासा. मावशी, चिठ्ठीची एक प्रत आईची आणि एक बापाची. दोष सुनेच्या माहेरी टाकायची सोय यात नाही. आणि बदललेली प्रत घेऊन ठणठणीत म्हातारी झालेली कितीतरी माणसं आहेत.

तर साध्या मापांकडे. इटलीच्या उत्तरेला काम्पोगालियानो आणि कॉर्मोन्स ही दोन लहान गावं. तिथल्या रहिवाशांची लिव्हरच्या आजारांसाठी १९९० नंतरच्या वर्षांत पाहणी झाली. त्या कामातून पुढे २००६ साली फॅटी लिव्हरचा अंदाज बांधणारं एक गणित तयार झालं. त्यात चारच गोष्टी: वजन-उंचीचं प्रमाण, कमरेचा घेर, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, आणि जीजीटी नावाची लिव्हरची तपासणी. शिंप्याचा टेप त्या गणितात निम्म्या वाटेपर्यंत नेतो.

पण इटलीचं माप आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही, आणि हे दाखवून दिलं ते पुण्यातून. केईएम हॉस्पिटल, पुणे इथले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनानं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ लहान, हातपाय काटकुळे, पण त्या मानानं अंगातली चरबी कमी झालेली नव्हती. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचं वजन-उंचीचं प्रमाण अगदी सारखं, २२.३. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांनाही सडपातळ म्हणत होता.

गरीब आणि बारीक माणसाला हा आजार होत नाही, ही समजूत बंगालमध्ये मोडली. बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांतला अभ्यास २०१० साली छापला गेला. शंभरात आठ-नऊ जणांना फॅटी लिव्हर होतं, आणि त्यांतले चार जणांतले तीन आपल्या मोजणीनं लठ्ठ नव्हतेच. निम्म्याहून जास्त तर ना जाड, ना पोट सुटलेले. शेतावर राबणारी माणसं ही.

म्हणून आपल्याकडे बाईच्या कमरेचं माप ८० सेंटिमीटरला थांबवतात. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवा. भारत सरकारनं २०२१ साली हा आजार मधुमेह, रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आपल्या आशाताई तिशीच्या वरच्या माणसांचा जो कागद भरतात ना, ज्याला सीबॅक म्हणतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचं माप, व्यायाम, घरात कुणाला साखर-बीपी आहे का, याचे गुण देतात. चारच्या वर गेलं की तपासणीला आधी पाठवायचं. त्या कागदावर दारूचा प्रश्न बाईला, बुवाला, माळकऱ्याला, सगळ्यांना एकसारखा विचारलेला असतो. तसा विचारला तर कुणाला झोंबत नाही.

लिव्हरमध्ये चरबी आहे हे कळल्यावरचा खरा प्रश्न निराळा: व्रण पडलेत का? त्यासाठीचं एक गणित २००६ सालचंच. ते मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी अशा दोन्ही आजारांच्या रुग्णांसाठी बनवलं होतं, पण फॅटी लिव्हरलाही उपयोगी पडलं. नाव फिब-फोर. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर जमतं. वय गुणिले एसजीओटी, हे वर. एसजीपीटीचं वर्गमूळ गुणिले प्लेटलेट, हे खाली. प्लेटलेट हजारात धरायचे, म्हणजे १ लाख ८० हजार असतील तर १८०. वरच्याला खालच्यानं भागायचं. १.३ पेक्षा कमी आलं तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ पेक्षा जास्त आलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधलं आलं तर पुढची तपासणी. पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात. हे डॉक्टरच्या जागी नाही. डॉक्टरपुढे कागद ठेवताना आपल्याला काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी.

२०२३ साली या आजाराचं नाव पुन्हा बदललं. अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी आणि रुग्णांच्या संघटनांनी मिळून ठरवलं. जुन्या इंग्रजी नावात एक शब्द दारूचा होता आणि एक चरबीचा, आणि दोन्ही शब्द माणसाला खाली मान घालायला लावतात असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. नव्या नावात शरीरातल्या साखर-चरबीच्या बिघाडाकडे बोट आहे. १९८० साली ज्या नावानं रुग्णांची सुटका केली, तेच त्रेचाळीस वर्षांनी ओझं झालं होतं. मराठीत अजून सगळे फॅटी लिव्हरच म्हणतात, आम्हीही म्हणतो.

आमच्या ताईंची कंबर ८८ सेंटिमीटर भरली. मोजली ती बैठकीतच, सगळ्यांची मोजली, कुणी कुणाला हसलं नाही असं नाही. बहिणीला मधुमेह आहे हे तेव्हाच निघालं, ताईंची साखर कधीच तपासलेली नव्हती. ती तपासली तर वाढलेली. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त दिलं. एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. सुनेनं मोबाइलवर गणित केलं. बावन्न गुणिले ४८, म्हणजे २४९६. चौसष्टचं वर्गमूळ आठ, आठ गुणिले १८०, म्हणजे १४४०. भागाकार १.७३. मधलं.

या डॉक्टरांनीही दारूचं विचारलं. ताई नाही म्हणाल्या, डॉक्टरांनी "बरं" म्हणून लिहून घेतलं आणि बहिणीच्या साखरेबद्दल विचारलं. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूज उतरू शकते असं त्यांनी सांगितलं. ताईंच्या बाबतीत ते साधारण पाच-सहा किलो होतं. चहातली साखर त्यांनी त्याच दिवशी निम्मी केली. एकादशीचा साबुदाणा आणि बटाटा यावर मात्र अजून वाद चालू आहे.

लिव्हर किती कडक झालंय हे मोजायचं फायब्रोस्कॅन नावाचं मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. जीपचं भाडं गटाच्या खात्यातून देऊ, आणि रिकाम्या दोन जागा आहेत. ज्यांच्या कागदावर अशीच ओळ आहे, त्यांनी बैठकीच्या दिवशी सांगा.